हलू नका!

बँकेत बसून 'ब्लॅक अँड व्हाइट' हे शब्द मोठ्यानं उच्चारू नयेत. परवा मी शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला सहज म्हणालो, "हल्ली मला ब्लॅक अँड व्हाइटची फार ओढ लागलीय," तर रांगेतले दोन व्यापारी भरलेल्या स्लिपा खिशात घालून निघून गेले. मी आपला फोटोंबद्दल बोलत होतो.

हल्ली जो तो या जुन्या फोटोंपायी हळवा झालेला दिसतो. मोबाइलमध्ये चार हजार रंगीत फोटो असलेला माणूस त्यातला एक निवडतो, बोटानं त्याचा रंग काढून टाकतो आणि 'गेले ते दिवस' म्हणून सुस्कारा सोडतो. ते दिवस कसे होते हे मी सांगतो, कारण त्या दिवसांत मी तोंडाला पावडर फासून स्वतः बसलो होतो.

साल १९८५. नांदेडच्या वजिराबादेतला एक स्टुडिओ. मी पाच वर्षांचा. फोटो काढायचा हे आठ दिवस आधी ठरलेलं. आईनं ट्रंकेतला शालू काढला, वडिलांनी दाढी दोनदा केली. मागच्या पडद्यावर रंगवलेलं काश्मीरचं सरोवर आणि पुढे आम्ही गोदाकाठची माणसं! स्टुडिओच्या मालकीचा एक कोट होता. निम्म्या नांदेडचे नवरदेव त्या एका कोटात बोहल्यावर चढल्यासारखे दिसतात. तो वडिलांना घातला. फोटोग्राफरनं माझी हनुवटी धरून मान वळवली आणि हुकूम सोडला, "हलू नका!" मी श्वाससुद्धा रोखला. नेमकी धाकटी बहीण हलली. चार दिवसांनी पावती दाखवून फोटो आणला, तर तिला दोन नाकं! पण 'दुसरा काढू' असं कुणी म्हणालं नाही. फोटो एकदा निघाला की निघाला. ती दोन नाकं आमच्या भिंतीवर अजून आहेत.

हा हुकूम आपल्याकडे बराच जुना. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. पण आम्ही मराठवाडी पडलो निजामाची रयत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचं सारं काही हैदराबादहून यायचं, तेव्हा आमचा फोटोचा इतिहासही तिथलाच. तिथले मोठे फोटोग्राफर म्हणजे लाला दीनदयाळ. हे गृहस्थ मूळचे इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. नोकरी सोडून ते फोटोच्या मागे लागले, आणि सहाव्या निजामांनी, महबूब अली खानांनी, त्यांना दरबारी फोटोग्राफर केलं, 'मुसव्विर जंग' असा किताबही दिला. (वीस वर्षांच्या नोकरीत मला 'श्री.'खेरीज किताब मिळालेला नाही.) पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी हैदराबादेत १८९२ साली निराळा जनाना स्टुडिओ काढला. नवाबांचे, महालांचे, शिकारीतल्या वाघांचे त्यांनी झकास फोटो काढले. एकूण काय, निजामाच्या राज्यात मेलेल्या वाघाचा फोटो निघे, जिवंत कुळवाड्याचा सहसा निघत नसे.

त्यालाही हौस होती असं नाही. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफी करीत. बडोद्याला त्यांच्या धंद्याआड एक अफवा आली: कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो! लोक स्टुडिओची पायरी चढेनात.

वास्तविक प्रकार उलटा आहे. फोटोच्या कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली तो कागद डेव्हलपरमध्ये बुडवला, की जिथे उजेड पडलेला असतो तिथे चांदीचे काळे कण तयार होतात. उरलेले क्षार हायपोत धुऊन जातात. राहते ती चांदी. रंगीत फोटोत चांदी शेवटी काढून टाकतात आणि नुसती रंगद्रव्यं उरतात, ती काळानं उडतात. म्हणून तर माझ्या काकांच्या १९८८ सालच्या लग्नातलं समस्त वऱ्हाड आज गुलाबी झालंय आणि आमची दोन नाकं मात्र तशीच ठळक आहेत. मी कॉमर्सचा माणूस. मला एवढंच कळलं, की ठेव चांदीत असलेली बरी.

हे खरं कळलं ते लातूरला बदली झाल्यावर. जुन्या काळी बँकेत सही येणाऱ्याची नुसती सही घेत. ज्याला सही येत नसे त्याला अंगठा आणि वर फोटो द्यावा लागे. औसा तालुक्यातला एक तिशी उलटलेला माणूस वडिलांच्या खात्याची चौकशी करीत आला. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट होत होती, तेव्हा किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची जड घरं झोपलेल्या माणसांवर बसली. त्यातलंच एक घर यांचं. हा तेव्हा चार वर्षांचा. मामाकडे होता म्हणून वाचला.

मी म्हणालो, "खात्यात एकशे बेचाळीस रुपये आणि व्याज आहे. कागदपत्रं बरीच लागतील."

"पैशाचं ऱ्हाऊ द्या, साहेब. चुलती म्हणती, खातं काढताना बँकेनं फोटू घेतला हुता. तेवढा बघाय मिळंल का?"

रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस धूळ खाल्ल्यावर फॉर्म सापडला. १९९३ पासून हे खातं हललेलं नव्हतं. वर कोपऱ्यात बोटाएवढा काळा-पांढरा फोटो: फेटा, मिशा, खांद्यावर आमच्या बँकेचा अर्धा गोल शिक्का, आणि 'हलू नका' ऐकून ताठ झालेली मान. त्यानं तो बराच वेळ पाहिला. मग हळूच स्वतःच्या नाकाला हात लावला.

मूळ फोटो देणं नियमात बसत नाही. शाखाधिकाऱ्यांनी चष्मा पुसायला काढला आणि तो पुसून होईपर्यंत मी मोबाइलवर फोटो काढून घेतला. संध्याकाळी दोघं मिळून स्टुडिओत गेलो. तिथला पोरगा उत्साहानं म्हणाला, "काका, याला कलर करून देतो. दोन मिनिटांचं काम. फेटा केशरी करू का गुलाबी?"

"नगं," तो म्हणाला. "फेट्याचा रंग मला ठावं न्हाई. हाय तसाच मोठा करा."

महिन्याभरानं कागदपत्रं पुरी करून तो पैसे न्यायला आला. व्हाउचरवर त्यानं झोकदार सही ठोकली. ते व्हाउचर मी त्याच फायलीत, बापाच्या अंगठ्यामागे लावून टाकलं.