सुट्टीत कॉलेजचा कोर्स : कोणी करावा, कोणी नाही केला तरी चालेल

नव्या शैक्षणिक धोरणात पदवी क्रेडिटवर मोजली जाते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या एका वर्षाला साधारण ४० क्रेडिट. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात उन्हाळ्यात आठ आठवड्यांचं एक छोटं सत्रही आहे. ते सक्तीचं नाही आणि प्रत्येक कॉलेजात भरतंच असंही नाही. शिक्षक किती, मुलं किती ते बघून कॉलेज ठरवतं.

मग हा कोर्स करायचा कोणी? आम्ही म्हणू, ज्यांचं शिक्षण पहिल्या वर्षानंतर थांबण्याची शक्यता आहे त्यांनी सगळ्यात आधी. आपल्या घरांत हे होतंच. मुलीचा रिश्ता जमतो, मुलगा दुकानावर बसतो नाहीतर आखातात जातो. वर्ष पास होऊनही हातात मार्कशीटपलीकडे काही राहत नाही. आराखड्याप्रमाणे ४० क्रेडिट मिळवून बाहेर पडणाऱ्याला यूजी सर्टिफिकेट मिळतं, पण त्याच उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा एक व्यावसायिक कोर्स केला तरच. दुसऱ्या वर्षानंतर ८० क्रेडिट आणि असाच कोर्स केला तर डिप्लोमा. पुढे तीन वर्षांच्या आत परत येता येतं, मात्र पदवी एकूण सात वर्षांत संपवायची. म्हणून निकाहाची तारीख धरताना हे आठ आठवडे मोकळे ठेवा, आणि परत शिकण्याचं सासरच्या मंडळींशी आधीच बोलून घ्या. नंतर ते बोलणं अवघड जातं.

वेळेचा हिशोब असा. ४ क्रेडिट म्हणजे थिअरीचे ६० तास, प्रॅक्टिकल असेल तर १२०. आठ आठवड्यांत १२० म्हणजे आठवड्याचे सहा दिवस रोज अडीच तास, जाणं-येणं वेगळं. २०२६ मध्ये बकरी ईद मेच्या शेवटच्या आठवड्यात येते, २०२७ मध्ये त्याच्याही दहा-अकरा दिवस आधी. हजेरीचं त्या हिशोबाने बघा.

एटीकेटी लागलेल्यांनीही चौकशी करावी. राहिलेले विषय या सत्रात शिकवायला कॉलेजला परवानगी आहे. बाकी ज्याचं सगळं सुरळीत आहे, त्याने सुट्टीत बेकरीत काम करून फी जमवली तर आम्हाला त्यात काही वावगं दिसत नाही.

खाजगी क्लासचं सर्टिफिकेट म्हणजे क्रेडिट नव्हे. टॅली शिकणं चांगलंच, पण ते पदवीत धरलं जाईल असं समजून पैसे भरू नका. सरकारच्या ‘स्वयम’वर शिकणं फुकट आहे, परीक्षेला फी पडते, पण तिथली मुख्य सत्रं जानेवारी आणि जुलैची, त्यामुळे मेमध्ये तिथे मनासारखा विषय सापडेलच असं नाही.

फी भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा : हा कोर्स विद्यापीठाला मान्य आहे का, क्रेडिट किती, आणि ते मुलाच्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या खात्यात कधी जमा होतील? उत्तर लेखी घ्या. हे खातं डिजिलॉकरवरून उघडता येतं. त्यावरचं नाव आधार आणि मार्कशीटशी जुळतंय का तेही बघा. आपल्याकडे शेख, खान, सय्यद कधी पुढे लागतं, कधी मागे, आणि काम तिथेच अडकतं.