मुंबईच्या पाण्याचे शुद्धीकरण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी आणि तळ्यांच्या पाण्यावर जगत होती. वस्ती वाढली आणि हे पाणी उन्हाळ्यात पुरेनासे झाले. तेव्हा हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलाव बांधण्यात आला. १८६० मध्ये त्याचे पाणी शहराला मिळू लागले. पुढे तुळशी (१८७९) आणि शहापूरकडील तानसा (१८९२) यांची भर पडली. तानसाची क्षमता १९४८ पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवावी लागली. १९५० च्या दशकात वैतरणा नदीवर धरण झाले. नगर अभियंता ना. वि. मोडक यांच्या स्मरणार्थ त्याला मोडकसागर म्हणतात.

या शंभर वर्षांत भर राहिला तो पाणी किती आणता येईल यावर. दूरच्या तलावांची पाणलोट क्षेत्रे जंगलात असल्याने पाण्यात क्लोरीन मिसळणे बराच काळ पुरेसे मानले गेले. पण पावसाळ्यात ओढे माती घेऊन येतात, आणि गढूळ पाण्यातले मातीचे कण जंतूंना क्लोरीनपासून आडोसा देतात. आधी गाळ काढल्याशिवाय निर्जंतुकीकरणाची खात्री देता येत नाही. कोट्यवधी रुपयांच्या धरणांपुढे हा साधा मुद्दा फार काळ मागे पडला.

भांडुप येथील जलशुद्धीकरण केंद्राने ही उणीव भरून काढली. १९७९ च्या सुमारास सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता दिवसाला १९१ कोटी लिटर असून आशियातील सर्वांत मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते. येथे पाण्यात तुरटीसारखे रसायन मिसळतात. ढवळल्यावर बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते निवळण टाक्यांच्या तळाशी बसतात. उरलेले कण वाळूच्या थरांत अडकतात. शेवटी क्लोरीन दिले जाते. वाळूचे थर तुंबले की उलट्या प्रवाहाने धुवावे लागतात. ठरलेल्यापेक्षा जास्त पाणी टाक्यांत सोडले, तर पुंजके बसायला वेळच मिळत नाही आणि सगळा भार वाळूवर येतो. त्यामुळे मागणी वाढली की टाक्या आणि गाळणथर दोन्ही नव्याने बांधावे लागतात, आणि तेही शहराचा पुरवठा चालू ठेवून.

भातसा धरणाचे पाणी आल्यावर पांजरापूरलाही शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले, तेव्हा त्याच योजनेत भांडुपला दिवसाला ९० कोटी लिटर क्षमतेचे दुसरे केंद्रही बांधण्यात आले.