२ जानेवारी १४९२ : ग्रानादाचा शेवटचा सुलतान

स्पेनमधले अखेरचे मुस्लिम राज्य, चिमुकले ग्रानादा, या दिवशी संपले. सुलतान बारावा मुहंमद, म्हणजे स्पॅनिश लोकांचा बोआब्दिल, याने अलहंब्राचा गड कॅस्टिलची राणी इसाबेला व राजा फर्डिनंड यांच्या स्वाधीन केला. १४८२मध्ये बापाला हटवून तो गादीवर बसला होता; पुढच्याच वर्षी लुसेनाच्या लढाईत कैद झाला. बाप, चुलता आणि मुलगा यांच्या भाऊबंदकीने राज्य आतून पोखरले. तरीही त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. वेढ्यात उपाशी पडलेल्या प्रजेसाठी त्याने धर्म, मशिदी आणि मालमत्ता यांच्या रक्षणाची लेखी हमी मिळवली होती. ती मोडली विजेत्यांनी. १५०२मध्ये कॅस्टिलच्या मुसलमानांपुढे दोनच वाटा उरल्या : बाप्तिस्मा किंवा देशत्याग.