वेताळाच्या लग्नाला मॅन्ड्रेक आला होता

मंडळी, हल्ली घरोघरी नातवंडांच्या तोंडी ‘अ‍ॅव्हेंजर्स’ असतात. निरनिराळ्या गोष्टींतले वीर एका लढाईत एकत्र येतात, ही कल्पना आजचीच असं त्यांना वाटतं. पण आपल्या पिढीने तिची चव आधीच चाखली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. ते पुढे मराठीतही निघू लागलं. फँटमचा झाला वेताळ, आणि त्याच्या बंगाला देशाचं झालं डेंकाली. जादूगार मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. मालिका एक, पण अंक ज्याचा त्याचा! वेताळ जंगलात, मॅन्ड्रेक आपल्या झनाडूत, गॉर्डन मोंगो ग्रहावर. एकाच चाळीतली बिऱ्हाडं, पण येणंजाणं नाही. त्यांची गाठ घालून द्यायची ती मुलंच. वेताळाची मूठ भारी की मॅन्ड्रेकचं संमोहन, यावर मधल्या सुट्टीत चाललेले वाद शिक्षक म्हणून मी पुष्कळ ऐकले.

वेताळ आणि मॅन्ड्रेक यांचा जनक एकच, ली फॉक. मॅन्ड्रेक १९३४चा, वेताळ १९३६चा. दोघांचे संसार त्याने वेगवेगळे चालवले. मग डिसेंबर १९७७ मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत वेताळ आणि डायनाचं लग्न लावलं, आणि पाहुण्यांत मॅन्ड्रेक व लोथार हजर! प्रसंग लग्नाचा, जगबुडीचा नव्हे. तरी वाचक सुखावले, कारण दोन्ही घरं वर्षानुवर्षांच्या ओळखीची होती.

उलट उदाहरणही याच वीरांचं. १९८६ मध्ये ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ ही अमेरिकन कार्टून मालिका आली. गॉर्डन, वेताळ, मॅन्ड्रेक आणि लोथार, चौघंही पहिल्यापासून एकत्र, दुष्ट मिंगच्या विरुद्ध. भाग ६५. पण ज्या मुलाला हे चौघे आधी ठाऊकच नाहीत, त्याला त्यांच्या एकत्र येण्याचं काय कौतुक?

महाभारताचंही तसंच आहे. कुरुक्षेत्रावर सगळे जमतात तेव्हा काळजात धस्स होतं ते आधीच्या पर्वांमुळे. कर्ण कोण हे माहीत नसेल तर त्याचं रुतलेलं चाक म्हणजे नुसता अपघात. मार्व्हलने हे ओळखलं : २००८ मध्ये एकटा ‘आयर्न मॅन’, २०१२ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’, आणि २०१९ मध्ये ‘एंडगेम’. अकरा वर्षांची मशागत!

हुरहूर एवढीच वाटते की इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. ‘एंडगेम’ भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूतून आला, मराठीतून नाही. आपला वेताळ मात्र मराठी बोलत होता. परक्या मुलखातला वीर आपल्या भाषेत बोलला की घरचा होतो, आणि ते घरपण आपल्या नातवंडांच्या वाट्याला आलं नाही.

असो. कुणाच्या माळ्यावर जुने मराठी अंक असतील तर रद्दीत घालू नका. खाली काढा आणि नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवा.