सिम्सच्या घरात पाट कुठे मांडायचा?



न्यूनेनकरांना 'बटाटे खाणारे' या चित्राबद्दल नव्याने सांगायला नको. भारतातून पाहुणे आले की त्यांना इथलं व्हॅन गॉग (इथल्या उच्चारात फान खॉख) संग्रहालय दाखवणं ठरलेलंच. मूळ चित्र ॲमस्टरडॅमला आहे, पण ती माणसं इथली. १८८३ च्या डिसेंबरात व्हिन्सेंट इथे वडिलांच्या घरी आला. १८८४-८५ चा हिवाळाभर शेतकऱ्यांचे चेहरे आणि हात काढत बसला आणि १८८५ च्या वसंतात ते मोठं चित्र केलं. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात जाताहेत, हे त्याला दाखवायचं होतं. त्याला हवी होती ती क्रिया: खणणं, खाणं, कॉफी ओतणं. नुसता पोशाख नव्हे. पण त्याची किंमतही मोजावी लागली. त्याच्यासाठी बसणारी गोर्डिना द ग्रोट अविवाहित असताना गरोदर राहिली, संशय चित्रकारावर आला (त्याने तो नाकारला), आणि इथल्या कॅथलिक पाद्र्याने लोकांना त्याच्यासमोर बसू नका म्हणून सांगितलं. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्याने गाव सोडलं.

आता हे सगळं संगणकावरच्या खेळाशी कसं जोडायचं? मुलं 'द सिम्स' खेळतात तेव्हा मला हाच प्रश्न पडतो: दुसऱ्याचं जगणं दाखवायचं म्हणजे नेमकं काय दाखवायचं?

फेब्रुवारी २००० मध्ये हा खेळ आला. त्याच्या कर्त्याचं, विल राइटचं, घर १९९१ च्या ओकलंडच्या आगीत जळालं होतं. संसार पुन्हा जमवताना कुठली वस्तू आपल्याला का लागते, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला. खेळाची आतली रचना मोठी गमतीची आहे. माणसांना फारशी अक्कल नाही, ती वस्तूंमध्ये आहे. फ्रीज जणू हाका मारतो, इकडे ये, भूक भागेल. पलंग म्हणतो, इथे झोप. म्हणजे जी वस्तू कॅटलॉगात नाही, ती सवयही त्या जगात नाही. पाट नाही, म्हणून पंगत नाही! भाषेची अडचण सिम्लिश नावाच्या निरर्थक बोलीने सोडवली, घर मात्र अमेरिकन उपनगरातलंच राहिलं.

इतर संस्कृती आल्या त्या सहलीपुरत्या. २००७ मध्ये जपानी वळणाचं एक गाव, २००९ मध्ये इजिप्त, चीन, फ्रान्स. जायचं, बघायचं, परत यायचं. मधे २००८ मध्ये आयकियाचं फर्निचर मात्र थेट दिवाणखान्यात पोचलं. असो.

नोव्हेंबर २०२० मध्ये 'स्नोई एस्केप' आला आणि चित्र जरा बदललं. त्यात जपानी धाटणीच्या गावात राहता येतं, बुटक्या मेजाशी जमिनीवर बसता येतं, घरात शिरताना जोडे काढता येतात. आपल्या घरची सवय खेळात आली ती अशी जपानमार्गे, वीस वर्षांनी. पण त्याच्या जाहिरातीत देवळापुढे वाकून नमस्कार करणारी माणसं आणि उगवत्या सूर्याच्या झेंड्यासारखी दिसणारी नक्षी होती. त्यावर कोरियन खेळाडू भडकले. १९१० ते १९४५ च्या जपानी राजवटीत त्यांच्या आजी-आजोबांना अशा देवळांपुढे सक्तीने वाकायला लावलं होतं. कंपनीने दोन्ही गोष्टी बदलल्या. माझ्या मते बरोबर केलं. नमस्कार एकच, पण कोणाला तो भक्ती वाटतो आणि कोणाला जुलूम.

आणि आपण? ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईवरून स्फुरलेला 'फॅशन स्ट्रीट' नावाचा छोटा संच आला. त्यात आहेत फक्त कपडे. त्या खेळात कपड्यांना पैसेच पडत नाहीत, म्हणजे फॅशन स्ट्रीट आहे आणि घासाघीस नाही! गंमत म्हणजे घासाघीस याच खेळात २०१६ पासून होती, 'सिटी लिव्हिंग'मधल्या जुन्या बाजारात. तिची मुंबईशी गाठ घालायचं कोणाला सुचलं नाही. कारण सरळ आहे: कापडाचं चित्र काढणं स्वस्त पडतं, माणसाची नवी हालचाल बनवणं महाग. हौशी खेळाडू स्वतः साड्या बनवून वाटतात, त्याही बहुतेक नेसलेल्याच असतात. निऱ्या करणं, पदर खोचून कामाला लागणं, 'अजून एक पोळी घ्या' म्हणून आग्रह करणं अजून कोणी बनवलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.