वाक्य आणि अवतरण : वेबपृष्ठावरील स्क्रिप्ट व डेटाबेस

एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधात्मक डेटाबेसची कल्पना मांडली. तिच्या आधारे आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली ‘सीक्वेल’ ही प्रश्नभाषा प्रसिद्ध केली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने रूढ झाली व १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. यंत्रविद्येत पारंगत नसलेल्यानेही स्वतः प्रश्न रचावा, हा या भाषेमागील हेतू होता. प्रश्न रचणारा व विचारणारा एकच, हे तीत गृहीत होते.

वेबच्या प्रसाराने हे गृहीत ढळले. १९९३ साली सीजीआय ही पद्धती पुढे आली आणि वाचकाच्या मागणीनुसार पृष्ठ रचून देणे सर्व्हरवरील प्रोग्रामास शक्य झाले. १९९५ साली रास्मुस लेर्डॉर्फ यांनी पीएचपीची पहिली साधने प्रसिद्ध केली. पुढील वर्षीच्या आवृत्तीत डेटाबेसशी थेट व्यवहार करण्याची सोय होती. आता प्रश्न रचणारा एक व त्यात शब्द भरणारा दुसरा, अशी स्थिती झाली. स्क्रिप्ट आपल्या अर्ध्या वाक्यास वाचकाने लिहिलेला शब्द जोडी आणि सिद्ध झालेली अक्षरमाला डेटाबेसकडे पाठवी.

ही जोडणी व्याकरणदृष्ट्या सदोष होती. वापरलेला शब्द व उल्लेखिलेला शब्द हा भेद प्राचीनांस अवगत होता. संज्ञा वगळता सूत्रातील शब्द आपल्या स्वरूपाचाच बोध करतो, असा पाणिनीचा नियम आहे. एसक्यूएलमध्ये हा भेद अवतरणचिन्ह दाखविते. चिन्हांच्या आत मूल्य, बाहेर आज्ञा. परंतु ओ'ब्रायन या आयरिश आडनावात तेच चिन्ह येते. म्हणून अशा नावाचा शोध घेताच वाक्य मध्येच तुटे. जे अजाणता घडे ते हेतुपुरस्सरही घडविता येई. अवतरण मिटवून पुढे स्वतःची अट लिहिली, की इतरांच्या नोंदीही उघड होत. डिसेंबर १९९८ च्या ‘फ्रॅक’ नियतकालिकात या धोक्याचे जाहीर विवेचन झाले.

यावर दोन उपाय झाले. पहिला लेखनाचा होय : येणाऱ्या मजकुरातील प्रत्येक अवतरणचिन्हामागे तिरकी रेघ आपोआप घालण्याची सोय पीएचपीत होती. तथापि डेटाबेसकडे न जाणाऱ्या मजकुरातही ती रेघ शिरे, आणि अवतरणाविना लिहिल्या जाणाऱ्या संख्यांना तिचे संरक्षण मुळीच नसे. २०१२ साली ५.४ या आवृत्तीतून ती सोय काढून टाकण्यात आली.

दुसरा उपाय रचनेचा होय. प्रश्नवाक्य रिकाम्या जागांसह आधी निश्चित करावयाचे व मूल्ये मागाहून वेगळी द्यावयाची. मग मूल्यात काहीही असो, ते मूल्यच राहते. २००५ पासून पीएचपीत अंतर्भूत झालेल्या पीडीओने ही रीत सुलभ केली. तिची सोय नसलेली मायएसक्यूएलची जुनी फलने २०१५ साली सातव्या आवृत्तीतून वगळण्यात आली.

तरीही रिकामी जागा केवळ मूल्याची असते. तक्त्याचे वा स्तंभाचे नाव तीत भरता येत नाही. ते पूर्वनिश्चित यादीतूनच निवडावे लागते. परक्याचा शब्द वाक्यात कोणत्या पदावर बसू द्यावा, याचा निर्णय शेवटी वाक्य रचणाऱ्यानेच करावयाचा असतो. त्याने तो टाळला, तर हानी पोहोचते ती ज्यांच्या नोंदी त्या डेटाबेसात विश्वासाने ठेवलेल्या असतात त्यांना.