गुडघ्याचे पैसे कोण देते?

पोस्ट जरा लांब आहे. कबड्डी खेळणारं पोरगं ज्यांच्या घरात आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

परवा नदीकडून येताना गावातलं एक पोट्टं भेटलं. अंगात टीमची जर्सी, गुडघ्याला पट्टा. म्हणे, "दादा, लीगमध्ये एक डाव नाव लागलं का लाइफ सेट आहे ना?" मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. घरी आल्यावर मात्र डोक्यातून जाईना.

आपल्या भागाला हा खेळ नवा नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 ला काढलं आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्याच पथकाने तिथं जाऊन कबड्डीसकट आपले देशी खेळ दाखवले. कौंडण्यपूरहून एसटीने जाता येईल एवढ्या अंतरावरची ही गोष्ट, पण आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? त्या काळी या खेळावर पोट भरावं असं कोणाच्या मनातही नसेल. अंग कमवायचं, नाव काढायचं, बस.

पोटाचा प्रश्न कसा सुटायचा हे पाहायचं तर खाशाबा जाधवांकडे पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर त्यांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. 1955 ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. 1956 च्या मेलबर्नची तयारी चालू होती, तर गुडघा गेला आणि ऑलिम्पिक तिथंच संपलं.

पण त्यांच्याजवळ नोकरी होती, हे विसरू नका. पुढं पेन्शनसाठी खेटे घालावे लागले ते वेगळं, आणि 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार तर मरणानंतर सोळाएक वर्षांनी मिळाला. आपलं सरकार सत्काराला कधी उशीर करत नाही, कागदाला करते.

तर महाराष्ट्रात खेळाडूचा खरा पगार म्हणजे नोकरी होती. रेल्वे, पोलीस, बँका, मुंबईतल्या गिरण्या आणि कंपन्या यांच्या टीम असायच्या. कबड्डी असो का फुटबॉल, पोरगं चांगलं खेळलं की कुठंतरी चिकटायचं. सकाळी मस्टरवर सही, दुपारून मैदान. पैसा फार नव्हता, पण पाय मोडला तरी टेबल शाबूत राहायचं. ही पद्धत काही फार न्यायाची नव्हती. वशिला चालायचा, खेड्यातलं पोरगं तिथवर पोचायचंच कमी. तरी जखमेचा भार एकट्या खेळाडूवर नव्हता.

मग एकेक टीम बंद पडत गेली. महिंद्रा युनायटेड 2005-06 ला फुटबॉलची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 ला कंपनीने टीमच गुंडाळली. 2014 ला प्रो कबड्डी आली, त्याच वर्षी फुटबॉलची आयएसएल. लिलाव सुरू झाले. कबड्डीच्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू 12.80 लाखांचा होता. 2019 ला आपल्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला 1.45 कोटी मिळाले. आनंदच आहे. पण पुढच्या मोसमात खांदा दुखावला आणि 2022 च्या लिलावात त्याच खेळाडूची बोली 20 लाखांवर आली. 2023 ला परत 1 कोटी. म्हणजे खांद्याचा भाव कापसासारखा वरखाली होते! तो तर वरच्या शंभरातला खेळाडू. फुटबॉलमध्ये 2025 ला लीगच अडकली, तेव्हा बंगळुरू एफसीसारख्या क्लबने खेळाडूंचे पगार थांबवले.

इंग्लंडात हा वाद शंभरावर वर्षांपूर्वी कोर्टात गेला होता. क्रिस्टल पॅलेस क्लबच्या वॉकर नावाच्या खेळाडूचा गुडघा खेळताना गेला. क्लबचं म्हणणं, खेळाडू म्हणजे काही कामगार नव्हे. कोर्टाने सांगितलं, पगार घेतो, क्लबचा हुकूम पाळतो, मग कामगारच आहे, भरपाई द्या. आठवड्याला साडेतीन पौंडाचा माणूस, पण त्याच्या गुडघ्याला मालक होता.

आमच्या गावाकडच्या गुडघ्याले कोणीच मालक नाही. माझा चुलतभाऊ चांगला रेडर होता. एका स्पर्धेत, नाव घेत नाही, रात्री लाइटखाली, खाली कडक माती, पकडीत पाय पिळला. लिगामेंट तुटलं हे कळायलाच वर्ष गेलं. ऑपरेशन झालंच नाही. आज जिनिंगमध्ये उभ्यानं काम करतो आणि पायरी उतरताना भिंत धरतो. त्याले विचारलं तर हसते. "तवा विमा-गिमा कोण सांगे रे? बक्षिसाचे अकराशे सात जणाइत वाटले, मले दीडशे आले."

नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, मान्य. पण ते राज्य पातळीवर किंवा त्याच्या वर पदक असणाऱ्याले. त्यातही बोगस सर्टिफिकेटवाले घुसले. गावोगावी दिवाळीनंतर खेळणाऱ्या पोट्ट्यांसाठी त्यात काही नाही.

म्हणून मंडळवाल्यांना माझं सरळ विचारणं आहे. यंदा पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, आमदारांचा बॅनर, डीजे, सगळं करा. त्यातून खेळणाऱ्या सगळ्या पोरांचा अपघात विमा काढता येते का, मैदानाजवळ एक गाडी आणि एक डॉक्टर ठेवता येते का? ज्या मंडळाने हे आधीच केलं असेल त्यांनी किती खर्च आला ते खाली लिहा. आणि नसेल केलं तर एंट्री फी घेताना पोरांना तसं सांगा तरी.